अस्थिवर्धक औषधाची मात्रा

झिजलेल्या मणक्यांना सांधण्यासाठी शल्यचिकित्सक दीर्घकाळ रुग्णाच्याच कंबरेच्या हाडाचा तुकडा काढून वापरीत आले आहेत. एका दुखण्याच्या इलाजासाठी दुसरी जखम करावयाची, असा हा व्यवहार! तो टाळण्याची आशा १९६५ साली लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्ट यांच्या शोधाने निर्माण केली. खनिजांश काढलेले हाड स्नायूत ठेवले असता तेथे नवे हाड उगवते, हे त्यांनी दाखविले. हे घडविणाऱ्या प्रथिनांपैकी एक, कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून, कंबरेच्या मणक्यांत वापरण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ साली अनुमती दिली. ‘इन्फ्यूज’ हे त्याचे नाव.

मेख आहे ती स्पंजातच. हाड भरून येण्यास महिने लागतात. स्पंज मात्र आपल्यातील औषध फार लवकर सोडून देतो. साहजिकच मात्रा मोठी ठेवावी लागली. शरीर जे प्रथिन अत्यल्प प्रमाणात वापरते, ते येथे मोठ्या संचात १२ मिलिग्रॅम असते. अनुमती नसताना मानेच्या मणक्यांतही ते वापरले गेले, तेव्हा काही रुग्णांचा गळा सुजून श्वास कोंडला. २००८ साली प्रशासनाला इशारा द्यावा लागला.

औषधात उणीव निघणे आम्ही समजू शकतो. परंतु उद्योगाच्या पैशावर झालेल्या १३ अभ्यासांत, ७८० रुग्णांपैकी एकालाही औषधाचा उपद्रव झाल्याची नोंद नसावी, हे कसे समजावे? २०११ च्या फेरतपासणीत उपद्रवाचे प्रमाण, शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार, १० ते ५० टक्के असल्याचा अंदाज निघाला. उत्पादक मेडट्रॉनिक कंपनीची माणसे निबंधांच्या लेखनात गुंतली होती आणि लेखक-डॉक्टरांना १९९६ ते २०१० या काळात सुमारे २१ कोटी डॉलर मिळाले, असे अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१२ साली नमूद केले. कंपनीने गैरवर्तनाचा आरोप नाकारला. तिनेच मूळ आकडे येल विद्यापीठाच्या स्वाधीन केले, हेही सांगितले पाहिजे. त्या आकड्यांवरून २०१३ साली निष्कर्ष निघाला तो असा की, कंबरेच्या हाडापेक्षा या औषधाने रुग्णाला जाणवेल असा विशेष लाभ होत नाही.

आता जेल, सिरॅमिक व पॉलिमरचे सूक्ष्म कण यांतून थोडेथोडे औषध आठवडेच्या आठवडे झिरपत ठेवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. दिशा योग्य आहे. मात्र येलच्या तज्ज्ञांपुढे जे आकडे अनुमतीनंतर अनेक वर्षांनी आले, ते नव्या औषधांच्या बाबतीत अनुमतीपूर्वीच त्रयस्थांपुढे यावेत, असा आग्रह आपल्या औषध नियंत्रकांनीही धरला पाहिजे.