पोलिसांनी हात दाखवला की गाडी थांबवायची, एवढं तरी शिकवूया!



जानेवारी महिना आला की शाळाशाळांतून रस्ता सुरक्षा अभियान सुरू होते. घोषवाक्ये, चित्रकला स्पर्धा, निबंध, प्रभातफेरी. आम्हीही दरवर्षी हे करतो. सुंदर अक्षरांत फलक तयार होतात, फोटो निघतात, अहवाल जातो. यंदा मात्र मी नववीच्या वर्गात निबंध न देता एक छोटे नाट्यीकरण दिले. प्रसंग अगदी साधा. चौकात नाकाबंदी आहे. तुम्ही दुचाकीवरून येत आहात. हेल्मेट नाही. पोलिसांनी हात दाखवला. पुढे काय होते ते करून दाखवा. संवाद मी दिले नव्हते. "तुमचं तुम्ही बोला," एवढंच सांगितलं.

चार जोड्या पुढे आल्या.

पहिल्या जोडीतल्या मुलाने गाडी थांबवलीच नाही. 'पोलिसा'च्या शेजारून सुर्रकन निघून गेला आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. दुसरा थांबला, पण लगेच हात कानाला लावून म्हणाला, "एक मिनिट थांबा, आमच्या मामांशी बोला." तिसऱ्याने वहीच्या कागदाची घडी पोलिसाच्या मुठीत कोंबली. म्हणाला, "साहेब, चहापाण्याचं बघा आणि मिटवून टाका." चौथी जोडी मुलींची. गाडीवरची मुलगी अगदी केविलवाणा चेहरा करून म्हणाली, "अहो दादा, मी शाळेत बाई आहे, परिपाठाला उशीर होतोय, जाऊ द्या ना!"

सगळा वर्ग हसला. हसता हसता माझ्याकडे बघायला लागला.

मीही हसले, पण कान गरम झाले. कारण ते वाक्य माझंच होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एस.टी. स्टँडजवळच्या चौकात मला अडवलं होतं. हेल्मेट घरी खुंटीला होतं. मी हेच बोलले आणि सुटले. रस्त्याच्या कडेने शाळेत निघालेल्या मुलींनी ते पाहिलं असणार, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

चार जोड्यांपैकी एकालाही "हो साहेब, हेल्मेट राहिलं, चूक झाली" असं म्हणावंसं वाटलं नाही. त्यांना ते सुचलंच नाही. कुठून सुचणार? मागच्या सीटवर बसून वर्षानुवर्षे त्यांनी जे पाहिलं, तेच त्यांनी वर्गात करून दाखवलं. कुणाचे बाबा, कुणाचा दादा, आणि एकीची तर वर्गशिक्षिकाच!

भीती दंडाची, किंमत पायाची

तुम्ही म्हणाल, यात एवढं गंभीर काय आहे? थोडी गंमत, थोडी ओळख, सगळेच करतात. मलाही तसंच वाटायचं. पण आमच्याच शाळेतून दहावी होऊन गेलेल्या एका मुलाची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही.

मुलगा बारावीत होता. वय सतरा. लायसन्स असण्याचा प्रश्नच नव्हता. वडिलांची मोटरसायकल घेऊन क्लासला निघाला. पुलाच्या अलीकडे वळणावर नाकाबंदी दिसली. त्याने जागच्या जागी गाडी फिरवली आणि राँग साईडने उलटा पळाला. समोरून दुधाचा टेम्पो येत होता. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकावा लागला, त्या वर्षीची बोर्डाची परीक्षा गेली. त्याच्यामागे एकही पोलीस लागला नव्हता. ते पुढे दुसऱ्याच कुणाचे कागद बघत होते.

मी भेटायला गेले तेव्हा त्याचे वडील म्हणाले, "बाई, मीच त्याला सांगितलं होतं. पोलीस दिसला की गाडी गल्लीतून काढत जा म्हणून."

त्या वाक्यानंतर मला काही बोलता आलं नाही. पोलीस म्हणजे ज्याच्यापासून पळायचं तो, एवढा एकच धडा त्या मुलाला मिळाला होता आणि तो त्याने नीट पाठ केला होता.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यात चाळीस टक्क्यांहून अधिक लोक दुचाकीवरचे होते. आपली मुलं ज्या गाडीवर बसतात, तीच ही गाडी. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हेल्मेट, सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग शिकवतो तसंच "पोलिसांनी थांबवलं तर कसं वागायचं" हेसुद्धा घरात आणि शाळेत शिकवायला हवं. पळायचं नाही, घाबरायचं नाही, मस्ती करायची नाही आणि लाचही द्यायची नाही.

थांबवल्यावर नेमकं काय करायचं?

मुलांना उपदेश नको असतो, कृती हवी असते. वर्गात मी पुढील क्रम फळ्यावर लिहून घेतला.

१. इशारा दिसला की आधी आरशात पाहा, डावा इंडिकेटर द्या, वेग हळूहळू कमी करा आणि डाव्या कडेला थांबा. करकचून ब्रेक मारू नका, मागच्याची धडक बसते. पोलीस बऱ्याचदा रस्त्याच्या मधोमध उभे असतात. त्यांच्या अंगावर गाडी नेल्यासारखं चुकूनही दिसता कामा नये.

२. इंजिन बंद करा, गाडी स्टँडवर लावा. मागे बसलेल्याने डावीकडे उतरून शांत उभं राहावं. हेल्मेटची काच वर करा किंवा हेल्मेट काढा. तोंडाला रुमाल, स्कार्फ असेल तर सोडा. कानातले इअरफोन काढा. चेहरा दिसला की समोरच्याचा अर्धा संशय तिथेच संपतो.

३. "नमस्कार साहेब" किंवा "नमस्कार मॅडम" म्हणा. तो माणूस उन्हात, धुरात कितीतरी तास उभा असतो. दिवसभरात त्याच्याशी गोड बोलणारे किती भेटतात, याचा विचार करा. अरे-तुरे नको आणि "तुम्ही मला ओळखलं नाही का?" हे तर मुळीच नको.

४. कागद मागितले तर दाखवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातील पोलिसांनी मागितल्यावर लायसन्स दाखवणं चालकाचं कर्तव्य आहे. आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसीही लागते. मूळ कागद जवळ नसतील तर डिजीलॉकर किंवा एम-परिवहन अॅपमधले चालतात, तसा नियमच आहे. मात्र मोबाईलमध्ये काढून ठेवलेला फोटो किंवा झेरॉक्स म्हणजे डिजीलॉकर नव्हे. अॅपमध्ये कागद आधीच उतरवून ठेवा. चौकात रेंज नसते तेव्हा फार धांदल उडते.

५. चूक असेल तर मान्य करा. "हो साहेब, सिग्नल तुटला." एवढं बोलल्याने आपण लहान होत नाही. नंबर प्लेटवर ४१४१ चे 'दादा' किंवा ८०५५ चे 'बॉस' करून फिरणाऱ्यांनी तर वाद न घातलेलाच बरा, कारण पुरावा गाडीलाच चिकटवलेला असतो!

६. चलन कशाबद्दल आहे ते नम्रपणे विचारा. गाडीचा नंबर आणि कारण बरोबर आहे का ते वाचा. दंड तिथेच भरता येतो किंवा ई-चलन नंतर ऑनलाइन भरता येते. पैसे दिले की पावती घ्यायचीच.

७. निघताना पुन्हा आरसा, इंडिकेटर, मागची वाहतूक. रागाच्या भरात गाडी रेझ करून जायचं नाही.

बस्स, एवढंच. आपण फोनाफोनी करतो त्याला याहून जास्त वेळ लागतो.

नम्र म्हणजे लाचार नव्हे

इथे काही पालक विचारतात, "म्हणजे पोलीस म्हणतील ते सगळं मुकाट्याने ऐकायचं का?" नाही. आणि हा भागही मुलांना तितकाच नीट शिकवला पाहिजे, नाहीतर आपण फक्त घाबरट नागरिक तयार करू.

कायदा 'गणवेशातील' पोलीस असं म्हणतो. समोरची व्यक्ती गणवेशात नसेल तर ओळखपत्र दाखवण्याची विनंती करता येते. चलन चुकीचं वाटलं तर दंड भरलाच पाहिजे अशी सक्ती नसते. ई-चलनाविरुद्ध ऑनलाइन तक्रार करता येते, न्यायालयात बाजू मांडता येते. गाडीची चावी झटकन काढून घेणं, शिवीगाळ करणं, हात उचलणं याला कायद्याचा आधार नाही. तसं घडलं तर नावपट्टीवरचं नाव, ठिकाण आणि वेळ लक्षात ठेवून वरिष्ठांकडे लेखी तक्रार करावी. तिथल्या तिथे हमरीतुमरीवर येऊ नये. धक्काबुक्की झाली तर विषय हेल्मेटचा राहत नाही. सरकारी नोकराला कर्तव्य करताना रोखण्यासाठी अंगावर जाणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली गुन्हा आहे. दंडाची रक्कम विसरली जाते, पण मुलावर दाखल झालेला गुन्हा नोकरीच्या वेळी पुन्हा समोर येतो.

पावतीशिवाय पैसे मागितले तर "साहेब, मला पावतीच द्या" एवढं शांतपणे म्हणायचं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक मुलांच्या फोनमध्ये असू द्या. आणि आपण स्वतःहून चिरीमिरी पुढे करत असू, तर एक लक्षात ठेवा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हासुद्धा गुन्हा आहे. "त्यांनी घेतले म्हणून मी दिले" ही पळवाट आता तशी राहिलेली नाही.

मुलींच्या पालकांची काळजी वेगळी असते. रात्री क्लासवरून येताना अडवलं तर? मी माझ्या विद्यार्थिनींना सांगते की थांबायचं, पण उजेडात, माणसांच्या नजरेत येईल असं. "मी घरी फोन करते" असं सांगून उघडपणे फोन करायचा. काही संशयास्पद वाटलं तर ११२. यात उद्धटपणा कुठेच नाही.

पालकहो, थोडं आपल्याबद्दल

आता जरा कडू बोलते. आपण अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात गाडी देतो आणि मग त्याला पोलिसांशी कसं वागायचं ते शिकवतो. हे उलटं आहे. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलचं. आपल्या दारात उभ्या असतात त्या ११०, १२५ सीसीच्या. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९-अ आलं. मुलाने गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. माझ्या माहितीच्या अनेक घरांत हे कुणाला ठाऊकच नाही. "क्लास लांब आहे हो बाई," एवढंच ऐकायला मिळतं. लांब आहे, मान्य. पण त्या टेम्पोला ते सांगता येत नाही.

आणि दुसरं. पुढच्या वेळी तुम्हाला अडवलं आणि मागे मूल बसलेलं असेल, तर एकदा त्याच्याकडे पाहा. तुम्ही कुणाला तरी फोन लावलात तर ते शिकेल की नियम ओळख नसलेल्यांसाठी असतात. नोट काढलीत तर शिकेल की सगळं विकत मिळतं. गाडी बाजूला घेऊन "चूक झाली साहेब, पावती द्या" म्हणालात, तर तेही शिकेल. पाचशे-हजार रुपयांत याहून चांगली शिकवणी मला माहीत नाही.

शिक्षकांना एक विनंती

हा उपक्रम आपल्या वर्गात जरूर घ्या. एकच तास लागतो. पहिल्यांदा मुलांना हवं तसं करू द्या, टोकू नका. मग वरचा क्रम फळ्यावर लिहा आणि तोच प्रसंग पुन्हा करायला लावा. भूमिकाही बदला. 'पळणाऱ्या' मुलाला पोलीस करा. आमच्या वर्गात तो पोलीस झाला तेव्हा समोरचा मुलगा न थांबता निघून गेला. हा बिचारा हात वर करून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "बाई, असं केलं की लई राग येतो." त्याला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

राहता राहिली मी. नाट्यीकरण संपल्यावर मी वर्गाला सांगितलं की चौथ्या जोडीतल्या बाई मीच होते आणि त्या दिवशी मी चुकले. वर्ग एकदम शांत झाला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग बाई, आता?"

आता हेल्मेट शाळेच्या पिशवीशेजारीच ठेवलेलं असतं. पण खरी परीक्षा अजून बाकी आहे. एखाद्या घाईच्या सकाळी माझी काहीतरी चूक होईल, तोच चौक असेल आणि रस्त्याच्या कडेने त्याच मुली जात असतील. तेव्हा गाडी बाजूला घेऊन पावती मागायची, हे मी वर्गासमोर कबूल केलं आहे.

तुम्हीही आपापल्या घरी, आपापल्या वर्गात एवढं कबूल करा. मुलं बघतच असतात.