मुरूम त्यांचा, पाणी आपलं

परवा ऑफिसात एका डिझाइनवर चार टीम मिळून बसलो. मीटिंगा झाल्या, रिव्ह्यू झाले, सगळ्यांनी 'ओके' म्हटलं आणि शेवटी उरलं ते कुणालाच नको होतं! मिळून केलेलं डिझाइन चांगलं झालंय, हे ओळखायचं तरी कसं?

मला आमचा बुलढाणा आठवला. २०१८ च्या सुमारास जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांची कामं जोरात होती. रस्त्याच्या भरावाला माती-मुरूम हवा, गावांना खोल तलाव हवेत. मग दोन्ही कामं जोडली. तलाव-नाले खोदून निघालेला मुरूम रस्त्याला, राहिलेला खड्डा पाण्याला. खोदाईचा वेगळा खर्च नाही. हाच तो 'बुलढाणा पॅटर्न', जो पुढे नीती आयोगापर्यंत गेला.

यात मला आवडलं ते हे की कुणी कुणावर उपकार केले नाहीत. एकाचा कचरा ही दुसऱ्याची गरज होती.

पण मोजायचं काय? एक घनमीटर खोदला की हजार लिटरची जागा होते, हिशोब सोपा. मात्र जागा म्हणजे पाणी नव्हे. रस्तेवाला मुरूम पुरला की थांबणार. खोदताना पाणी धरणारा थर फुटला, तर तो भोगणार गाव. घनमीटर मोजणं म्हणजे कोडच्या ओळी मोजण्यासारखंच झालं.

माझ्या मते कसोट्या दोनच. मे महिन्यात विहिरीला पाणी आहे का? आणि ज्याला परिणाम भोगायचाय, त्याला खोदताना 'बस, थांबा' म्हणता येत होतं का?

आमच्या मीटिंगांमध्ये तो माणूस बोलावलाच नव्हता. तुमच्याकडे बोलावतात?