चालायच्या मशीनला तेल

यंदा पोळ्याला अक्काकडे गेलो होतो. आमची अक्का निपाणीची, पण दिली सावरगावला. भावजी बँकेच्या नोकरीत आमच्या भागात आले होते, तेव्हाची ही सोयरीक. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच नदीवर दोन्ही काठांची गोटमार होते. पांढुर्णा २०२३ साली छिंदवाड्यातून निघून वेगळा जिल्हा झाला, बोली मात्र तीच राहिली. 'मले', 'तुले' म्हणणारी. अक्का आता तशीच बोलते, फक्त रागावली की कानडीत शिरते.

या खेपेला ती कानडीतच होती. दोन वर्षांपूर्वी भावजींच्या हृदयात स्टेंट बसवला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. पावसाळ्यात रस्त्यावर चिखल आणि पहाटे कुत्री, म्हणून पुण्याच्या मुलाने घरी ट्रेडमिल पाठवली. वर्षभर चालली. गेले दोन महिने तिच्यावर टॉवेल वाळत होते.

"मास्तर, पाय ठेवला का थांबते हे," भावजी म्हणाले. "दुरुस्तीवाला नागपूरवरून येतो येतो म्हनते, येत काही नाही."

मी इतिहासाचा माणूस. मशीनपेक्षा मला तिची कुळकथा आधी आठवते. १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्रज अभियंत्याने कैद्यांसाठी पायऱ्यांचं मोठं चाक केलं. कैदी तासन्‌तास त्यावर चढत राहायचे, त्यातून धान्य दळलं जाई, पाणी उपसलं जाई. १८९८ च्या कायद्यानंतर इंग्लंडच्या तुरुंगांतून ती शिक्षा गेली. पुढे १९५०-६० च्या काळात अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासण्याची पद्धत बसवली. भावजींची स्ट्रेस टेस्ट झाली ती त्याच पद्धतीने. मी हे सांगत होतो तेव्हा अक्काने नुसतं बघितलं. मी गप्प प्लग काढला.

प्लग काढून पट्ट्याखाली हात घातला तर बोटांना काळा चिकट लगदा लागला. घरातल्या शिलाई मशीनचं तेल! भावजींनी चांगल्या मनानेच ओतलं होतं. पण ट्रेडमिलच्या पट्ट्याखाली फळी असते, आणि त्या दोघांमध्ये सिलिकॉनचंच तेल चालतं. दुसरं तेल धूळ धरतं, पट्टा खराब करतं. पट्टा जड झाला की मोटरीवर भार येतो आणि ती स्वतःला वाचवायला बंद पडते. मशीन बिघडली नव्हती, दमली होती.

मागच्या बाजूचे दोन बोल्ट मोजून सारखे सैल केले. डावीकडे जितके आटे, तितकेच उजवीकडे. हे लिहून ठेवावं, नाहीतर परत बसवताना पट्टा तिरका होतो. जुना धोतराचा तुकडा आतून फिरवत दोघांनी फळी पुसली. पुढचं झाकण उघडलं तर मोटरीभोवती धुळीचा आणि केसांचा गोळा. ब्रशने काढला. तेल नागपूरहून येताना घेतलं होतं, ते थोडंसं मधोमध सोडलं आणि तीन मिनिटं रिकामी मशीन हळू चालवली. पट्टा डावीकडे सरकू लागला. ज्या बाजूला सरकतो त्या बाजूचा बोल्ट पाव आटा आवळायचा, मग थांबून बघायचं. घाईने आवळला की बेअरिंग जातं. निपाणीहून आईचा फोन आलाच, जावयाला विचारत होती, "एण्णी हाकिद्रेनु?" भावजी तोऱ्यात म्हणाले, "हाकिदे!" एवढं कानडी त्यांना येतं.

मशीन एक्स्टेन्शन बोर्डावर होती, तीही हलवून अर्थिंगच्या १६ अँपिअरच्या प्लगला लावली.

एका गोष्टीवर मात्र मी आवाज चढवला. दोरीची लाल चावी, जी सदऱ्याला अडकवायची, ती मशीनमध्ये कायमची खोचलेली आणि दोरी तोडलेली होती. माणूस घसरला तर ती निघून मशीन थांबते, तेवढ्यासाठीच असते ती. आणि घरात चार वर्षांची नात. अमेरिकेत २०२१ मध्ये पेलोटन कंपनीला एका मुलाच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वा लाख मशिनी परत मागवाव्या लागल्या होत्या. मुलं पट्ट्याखाली ओढली गेली होती. भावजींचा चेहरा उतरला. नवी दोरी बांधली, आणि चालणं झालं की चावी देवघराच्या वरच्या खुंटीवर, असं ठरलं.

सगळं झालं तरी भावजी वर चढेनात. "उद्या पाहू," म्हणाले. नंतर ओसरीवर हळूच बोलले. दोन महिन्यांपूर्वी चालताना मशीन अचानक थांबली, ते पुढच्या दांड्यावर आदळले आणि छातीत धस्स झालं. त्यांना वाटलं, पुन्हा तेच. अक्काला सांगितलं नव्हतं. मशीन बंदच आहे म्हटलं की कोणी आग्रह करत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव नदीकडे लोटलं. आम्ही दोघं पांढुर्ण्याच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणून तयार झालो, पण त्या दिवशी रस्ता कुठला मिळायला? तिसऱ्या दिवशी गेलो. कार्डिओग्राम काढला, डॉक्टरांनी सावकाश चाला म्हणून सांगितलं.

परवा त्यांचा फोन होता. "मास्तर, पट्टा उजवीकडे गेला होता. पाव आटा दिला." मागून अक्का विचारत होती की मग आता टॉवेल कुठं वाळत घालू.