हुर्यो कोणाची उडवायची?

१ एप्रिल २०२४ च्या संध्याकाळी मुंबईच्या वानखेडे मैदानावर यजमान संघाचा कर्णधार नाणेफेकीसाठी निघाला आणि त्याच्याच संघाच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. समालोचक संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांनी नीट वागावे असे मैदानातूनच सांगावे लागले. हार्दिक पंड्याचा अपराध एवढाच, की रोहित शर्माच्या जागी त्याला मुंबई इंडियन्सचा कर्णधार नेमण्यात आले होते. डहाणू रोडहून लोकलने सव्वाशे किलोमीटर प्रवास करून गेलेली आपली पोरेही त्या गर्दीत असणार. तलासरीच्या नाक्यावर, चारोटीच्या चहाच्या टपऱ्यांवर त्या दिवसांत ऐकू येणारी भाषा वानखेडेवरच्या भाषेहून वेगळी नव्हती. प्रस्तुत लेखक क्रिकेटचा जुना शौकीन असल्याने राग त्यालाही आला होता. तो राग रास्त होता. परंतु तो भलत्याच दारावर जाऊन आदळला असे माझे मत आहे. मालक आणि श्रमिक यांच्या संबंधांचा विचार करणाऱ्या कार्यकर्त्यांना या प्रकरणातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

घटनाक्रम थोडक्यात असा. रोहितच्या नेतृत्वाखाली मुंबईने २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदे मिळवली. हार्दिकला याच संघाने २०१५ साली दहा लाख रुपयांना घेतले होते. पुढे २०२२ मध्ये तो नव्याने स्थापन झालेल्या गुजरात टायटन्सचा कर्णधार झाला. पहिल्याच वर्षी त्याने विजेतेपद आणले व दुसऱ्या वर्षी संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे मैदाने रिकामी असताना, मुंबईच्या मालकांनी त्याला रोखीच्या व्यवहाराने परत आणले आणि त्यासाठी थैलीत जागा व्हावी म्हणून कॅमेरन ग्रीन याला बंगळूरकडे धाडले. गुजरातच्या मालकांना या व्यवहारात किती शुल्क मिळाले, हे अधिकृतरीत्या जाहीर झाले नाही. १५ डिसेंबरला कर्णधारबदलाची घोषणा झाली. हा निव्वळ क्रिकेटचा निर्णय होता, असे नंतर प्रशिक्षकांनी सांगितले. असेलही. रोहित तेव्हा छत्तीस वर्षांचा होता आणि भविष्याचा विचार करण्याचा अधिकार कोणत्याही संघाला आहे. तथापि निर्णय घेणारी माणसे पडद्याआडच राहिली. त्यांचा निर्णय अंगावर घेऊन भर मैदानात उभा राहिला तो एक पगारी खेळाडू. त्या हंगामात संघ चौदापैकी चारच सामने जिंकून दहा संघांत तळाला गेला.

त्यानंतर तीन महिनेही लोटले नाहीत तोच २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउन येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक याच हार्दिकने टाकले आणि भारत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सात धावांनी जिंकला. कर्णधार होता रोहित. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. लोकांनी झाले गेले विसरून त्याला उचलून धरले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण ज्या व्यवस्थेने दोन सहकाऱ्यांना चाहत्यांच्या नजरेत एकमेकांचे वैरी बनवले, तिला मात्र त्या तीन महिन्यांत कोणी एक प्रश्नही विचारला नाही, आणि जयघोषाच्या गदारोळात तो विचारण्याची गरजही कोणाला वाटली नाही.

हे दूरचे उदाहरण वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. पालघरचा शार्दूल ठाकूर कोवळ्या वयात क्रिकेटचे भले मोठे किट खांद्यावर घेऊन गाडीने मुंबई गाठत असे, हे या पट्ट्यात सर्वांना ठाऊक आहे. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत त्याने सात बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावा काढून भारताला सावरले. आता व्यापारी क्रिकेटमधला त्याचा प्रवास पाहा. पंजाब, २०१७ साली अदलाबदलीने पुणे, २०१८ मध्ये चेन्नई, २०२२ च्या लिलावात पावणेअकरा कोटींना दिल्ली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीकडून कोलकात्याकडे रवानगी, पुढच्या वर्षीच्या लिलावात चार कोटींना पुन्हा चेन्नई, आणि नोव्हेंबर २०२४ च्या मोठ्या लिलावात एकही बोली नाही. मार्च २०२५ मध्ये दुखापत झालेल्या एका खेळाडूच्या जागी लखनौने त्याला दोन कोटींना घेतले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच किमतीला मुंबईकडे सोपवले. लोकलच्या मार्गावरचा हा मुलगा आपल्या शहराच्या संघात यावयास अकरा वर्षे आणि सात मुक्काम लागले! ज्याचे मोल पावणेअकरा कोटी ठरले, त्याच्यासाठी पावणेतीन वर्षांत कोणीच हात वर करू नये, याचे स्पष्टीकरण कोणाकडे मागायचे?

यावर असे सांगण्यात येते, की अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते. कोणी कोणाला बांधून ठेवलेले नाही. नियमाच्या कागदावर हे खरे आहे. परंतु रवींद्र जडेजाचे उदाहरण विसरून चालणार नाही. राजस्थान संघाशी बांधलेला असताना त्याने अन्य संघाशी परस्पर बोलणी केली, या कारणावरून त्याला २०१० चा संपूर्ण हंगाम बंदी सोसावी लागली. त्याच जडेजाला नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईच्या मालकांनी संजू सॅमसनच्या बदल्यात त्याच राजस्थानकडे दिले आणि त्याचे मानधन अठरा कोटींवरून चौदा कोटींवर आले. मालकांनी आपसांत बोलणी केली तर तो व्यवहार ठरतो आणि खेळाडूने स्वतःसाठी बोलणी केली तर तो शिस्तभंग ठरतो. अशा परिस्थितीत घेतलेल्या संमतीला कितपत किंमत द्यायची, हे ज्याने कामगार चळवळीत चार दिवस काढले आहेत त्याला सांगावयास नको.

कोट्यधीश खेळाडूंसाठी समाजवादी साप्ताहिकाने अश्रू का ढाळावेत, असा प्रश्न काही साथी विचारतील. प्रश्न योग्य आहे. अश्रूंची गरज नाही; गरज आहे ती हिशेबाची. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी या स्पर्धेचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाची लिलावाची मर्यादा १२० कोटी होती. दहा संघांचे १,२०० कोटी झाले. म्हणजे केवळ प्रक्षेपणाच्या उत्पन्नाशी ताडून पाहिले तरी हा वाटा सुमारे आठवा हिस्सा भरतो. सामन्यागणिक मिळणारे मानधन त्यात मिळवले तरी तो सातव्या हिश्शाच्या फारसा पुढे सरकत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये खेळाडूंना उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा वाटा मिळतो, कारण तेथे खेळाडूंची संघटना आहे आणि ती मालकांशी सामुदायिक करार करते. शिवाय दोन-चार नावांच्या झगमगाटात जे दिसत नाहीत ते शेकडो तरुण लिलावाच्या यादीत नाव देऊन बोलीविना घरी परततात. त्यांची गणती कोट्यधीशांत करता येणार नाही.

अदलाबदलीचा हा रिवाज जेथे मुरला त्या अमेरिकन बेसबॉलचा इतिहास या संदर्भात जाणून घेण्यासारखा आहे. तेथे एकदा करार केलेला खेळाडू जवळजवळ आयुष्यभर त्या संघाचा राहत असे. मालकाने विकले तरच तो दुसरीकडे जाई. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईसच्या मालकांनी कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूला फिलाडेल्फियाकडे देऊन टाकले. फ्लडने जाण्यास नकार दिला. आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, असे त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवले आणि तो न्यायालयात गेला. त्याला वर्षाला नव्वद हजार डॉलर मिळत होते. तेव्हाही लोक विचारीत, की एवढा पगार घेणाऱ्याला गुलामीची भाषा शोभते काय? १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो हरला आणि त्याची कारकीर्दही संपली. परंतु त्याच्या पाठीशी खेळाडूंची संघटना उभी होती आणि तिचा धुरीण मार्विन मिलर हा पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेला माणूस होता. १९७५ च्या डिसेंबरात लवादाच्या निर्णयाने ती जुनी बेडी तुटली. लढणारा एकटा हरला, संघटना मात्र जिंकली, असा हा इतिहास आहे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये भारतीय क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली, परंतु ती निवृत्त खेळाडूंची. मैदानात घाम गाळणाऱ्यांची स्वतःची संघटना नाही. चाहत्यांची तर गोष्टच नको. जर्मनीच्या फुटबॉलमध्ये, काही अपवाद वगळता, मतांचे बहुमत सभासदांच्या मूळ क्लबकडेच राहिले पाहिजे असा नियम आहे. आपल्या चाहत्याला तिकीट विकत घेण्याचा हक्क आहे आणि हुर्यो उडवण्याचा. याहून अधिक काही नाही.

डहाणू-तलासरीच्या मातीत हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनाही मालकाच्या दारी राबवणारी लग्नगड्याची पद्धत याच मुलखात होती. त्या यातनांची तुलना क्रिकेटच्या लिलावाशी करणे हा त्या माणसांचा अपमान होईल. मी ती करीत नाही. परंतु २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी जमलेल्या वारल्यांनी वेठ करणार नाही असे जाहीर केले, तेव्हा आपल्या श्रमांवर आपला हक्क आहे हेच त्यांनी आधी सांगितले. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये हा दराचा लढा त्यानंतरचा. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड यांच्यासह माणसे पडली, तरी संघटना मोडली नाही. लाल बावट्याच्या साथींशी आपले मतभेद काहीही असोत, गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी या पट्ट्याला दिलेला हा धडा सर्वांचा आहे: अन्यायाचा निर्णय कोणाच्या ओसरीवर झाला ते आधी शोधावे आणि शेजारच्या राबणाऱ्यावर दात-ओठ खाऊ नयेत.

म्हणूनच अलीकडे गावोगाव दिसणारे एक दृश्य मला अस्वस्थ करते. टेनिस चेंडूच्या स्पर्धांनाही आता प्रीमियर लीग म्हणतात. व्यासपीठावर कोणी ठेकेदार, कोणी जमिनीचा दलाल, कोणी निवडणुकीचा इच्छुक ‘संघमालक’ म्हणून बसतो आणि पाड्यावरच्या पोरांवर बोली लागते. रक्कम किरकोळ, बहुधा गुणांचीच, पोरेही हसतात. ज्याच्यावर शेवटपर्यंत बोली लागत नाही तो मात्र हसत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. ज्या मुलखात मालक हा शब्द उच्चारण्याचे आजोबांनी सोडून दिले, तेथे नातवाने तो शब्द हौसेने छातीवर छापून घ्यावा, याची जबाबदारी काही अंशी आपल्यावरही येते. कारण पोरांच्या खेळाकडे आपण कधी पक्षाचे काम म्हणून पाहिलेच नाही.

तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची संघटना व्हावी आणि अदलाबदलीतला प्रत्येक रुपया जाहीर व्हावा, ही मागणी पक्षाने कामगारांच्या मागण्यांच्या बरोबरीने मांडावी. आणि आपल्या तालुक्यांत पुढच्या मोसमात स्पर्धा भरतील तेव्हा किमान आपल्या कार्यकर्त्यांनी मालकांवाचून संघ उभे करावेत: पाड्याचा संघ, दहा-वीस रुपयांची वर्गणी भरणारे सभासद, सभेत निवडलेला कर्णधार. तो कर्णधार चुकला तर त्याला बदलण्याचा अधिकार सभेला असेल आणि का बदलले याचा जाब विचारण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला. अशा संघात वाढलेला पोरगा उद्या वानखेडेवर गेला, तर तोही रागावेल, ओरडेल. परंतु ओरडण्यापूर्वी तो क्षणभर मान वर करून मालकांच्या कक्षाकडे पाहील, अशी मला आशा आहे.