फुकटच्या मुक्कामाचे भाडे

एप्रिल २०२० मध्ये जगभरची मोठी हॉटेले ओस पडली होती. विमाने तळांवर उभी होती, देशोदेशींच्या सरहद्दी बंद होत्या, खोल्यांमागून खोल्या कुलूपबंद होत्या. नेमक्या त्या महिन्यात हिल्टन या अमेरिकन हॉटेल कंपनीने एक अब्ज डॉलरची विक्री केली. विकल्या त्या खोल्या नव्हेत, आपल्या ग्राहक-योजनेतील ‘पॉइंट’. आणि घेणारी होती अमेरिकन एक्सप्रेस ही क्रेडिट कार्ड कंपनी. पुढच्याच महिन्यात मॅरियट कंपनीने अमेरिकन एक्सप्रेस आणि जे. पी. मॉर्गन चेस या आपल्या दोन कार्ड-भागीदारांशी केलेले करार सुधारून घेतले आणि ९२ कोटी डॉलर पदरात पाडून घेतले. खोलीला गिऱ्हाईक नाही, परंतु खोलीच्या आश्वासनाला आहे, असा हा विलक्षण बाजार होय. तो नीट समजून घेतल्याखेरीज ‘कार्ड घ्या आणि पंचतारांकित हॉटेलात फुकट राहा’ या सध्याच्या आमंत्रणाचा अर्थ लागणार नाही.

ग्राहकाला बांधून ठेवण्याची ही युक्ती मुळात हॉटेलवाल्यांची नव्हे. १८९६ मध्ये अमेरिकेत स्पेरी अँड हचिन्सन ही कंपनी निघाली. ती दुकानदारांना हिरवी तिकिटे विकी. दुकानदार ती खरेदीच्या प्रमाणात गिऱ्हाइकांना वाटीत, गृहिणी ती वह्यांत चिकटवून ठेवीत, आणि वह्या भरल्या की त्यांच्या बदल्यात घरात एखादी उपयोगाची वस्तू येई. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने हीच कल्पना विमानप्रवासाला लावली. दोन वर्षांनी हॉलिडे इन व मॅरियट यांनी, तर १९८७ मध्ये हिल्टनने तिचा अंगीकार केला. त्या काळी तिच्यामागे एक सरळ हिशेब होता. वर्षातल्या शंभर रात्री घराबाहेर काढणारा फिरता विक्रेता हे हॉटेलांचे हक्काचे गिऱ्हाईक. त्याने दर खेपेस आपल्याकडेच उतरावे म्हणून त्याला बरी खोली, सकाळची न्याहारी, खोली उशिरा सोडण्याची सवलत द्यावयाची. जितक्या रात्री अधिक, तितका दर्जा वरचा. ज्याने हॉटेलचा उंबरठा झिजवला त्याची ओळख ठेवण्याची ती रीत होती. गावच्या वाण्याने जुन्या गिऱ्हाइकाला मूठभर धान्य अधिक घालावे, त्यातलाच तो प्रकार.

बँका यात शिरल्या आणि रीत उलटी झाली. आज अमेरिकेत हॉटेलच्या नावाचे क्रेडिट कार्ड घेतले आणि पहिल्या तीन ते सहा महिन्यांत त्यावर काही हजार डॉलर खर्च केले, की हजारांच्याच नव्हे, कित्येकदा लाखाच्या घरात पॉइंट खात्यावर जमा होतात. ते बँकेने हॉटेल कंपनीकडून पैसे मोजून घेतलेले असतात. एवढ्यावरच भागत नाही. मॅरियटच्या योजनेत ‘प्लॅटिनम’ दर्जा मिळवावयाचा तर वर्षात ५० रात्रींचा मुक्काम लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच कंपनीच्या एका उंची कार्डाचे वार्षिक शुल्क ४५० वरून ६५० डॉलर झाले, आणि त्याबरोबर तोच प्लॅटिनम दर्जा कार्डधारकाला आपोआप मिळू लागला. एकही रात्र न राहता! पन्नास रात्री परक्या उशीवर डोके टेकणारा आणि घरबसल्या शुल्क भरणारा, असे दोघे आता एकाच रांगेत उभे आहेत. वरच्या प्रतीची खोली ‘उपलब्ध असल्यास’ मिळेल, ही अट दोघांनाही सारखीच. आणि दर्जाधारी वाढले की ती उपलब्ध असण्याचा संभव तेवढाच घटतो. तरीही या साऱ्याचे नाव ‘निष्ठा’च. विकत मिळणाऱ्या वस्तूला दुसरा एखादा शब्द शोधणे बरे. पण जाहिरातीच्या भाषेने असले सोवळे कधी पाळले आहे?

मराठी मध्यमवर्गाला हे प्रकरण दूरचे वाटेल. हॉटेल म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे मिसळ, भजी आणि चहा येतो; मुक्कामासाठी तो नातेवाईक, लॉज, भक्तनिवास किंवा फार तर पर्यटन महामंडळाचे निवासस्थान शोधतो. परंतु हे अंतर झपाट्याने कमी होत आहे. आपल्याकडे क्रेडिट कार्ड १९८० मध्येच सेंट्रल बँकेने आणले. दीर्घकाळ ते मोजक्यांच्या खिशात राहिले. २०२४ च्या आरंभी मात्र देशातील कार्डांची संख्या १० कोटींच्या पलीकडे गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये एचडीएफसी बँक आणि मॅरियट यांनी मिळून भारतातील पहिले हॉटेल-कार्ड काढले. वार्षिक शुल्क ३,००० रुपये व त्यावर कर. बदल्यात १५,००० पॉइंटांपर्यंतच्या हॉटेलात एक रात्र मोफत, आणि ‘सिल्व्हर’ दर्जा.

ज्याला अशा हॉटेलात एरवीही उतरावयाचेच आहे त्याच्या दृष्टीने ही पहिली रात्र तोट्याची नाही, हे मान्य केले पाहिजे. कर धरून ३,५४० रुपयांत ती पडते. खरी गंमत दुसऱ्या रात्रीपासून सुरू होते. कार्ड निघाले त्या वेळच्या अटींप्रमाणे किरकोळ खरेदीवर दर १५० रुपयांमागे दोन पॉइंट मिळत. म्हणजे तशाच दुसऱ्या एका रात्रीसाठी लागणारे १५,००० पॉइंट केवळ घरखर्चातून जमवावयाचे तर ११ लाख २५ हजार रुपये कार्डावर खर्च करावे लागतात. अनेक शिक्षकांचे आणि कारकुनांचे वर्षाचे वेतनही तेवढे नसते. मग पॉइंटांच्या ओढीने खर्च वाढवणे आले, आणि एखाद्या महिन्याचे बिल पुरते न भरणेही आले. आपल्याकडे कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज पडते. ५० हजार रुपये दोन महिने थकले तर व्याजच ३,५०० रुपये, म्हणजे फुकटच्या रात्रीचे सारे शुल्क पुन्हा एकदा भरल्यासारखे. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही हातची जाते, ती गोष्ट वेगळीच. ३० टक्क्यांहून अधिक वार्षिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द ठरवला. ऋण काढून सण करणाऱ्याला आता तेवढाही आडोसा उरलेला नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे आईवडील जातात, तो त्यांना सहलीला नेतो आणि ‘ही खोली पॉइंटांवर घेतली’ असे कौतुकाने सांगतो. ‘म्हणजे पैसे दिले कोणी?’ असा प्रश्न वडिलांच्या तोंडून सहज निघून जातो. मुलगा हसतो. वस्तुतः या साऱ्या व्यवहारातला एवढा एकच प्रश्न विचारण्याजोगा आहे.

हॉटेल कंपनी पैसे देत नाही. ती पॉइंट विकून पैसे घेते. बँक देते, पण पदरचे नव्हे. कार्डाने खरेदी झाली की दुकानदाराच्या रकमेतून काही टक्के कापून घेतले जातात, आणि अमेरिकेत उंची कार्डांवर ही कपात साध्या कार्डांहून अधिक असते. दुकानदार ती सोसत बसत नाही. मालाच्या किमतीत मिळवतो. किंमत मात्र सर्वांना एकच. रोखीने दूध-पाव घेणारी मोलकरीणही तीच किंमत देते आणि प्लॅटिनम कार्ड पुढे करणारा वकीलही तीच देतो. वकिलाला त्यातले काही पॉइंटांच्या रूपाने परत मिळते, मोलकरणीला मिळत नाही. वड्याचे तेल वांग्यावर, ते असे. बोस्टन येथील फेडरल रिझर्व्ह बँकेच्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये याचा हिशेब मांडला. रोखीने व्यवहार करणारे कुटुंब वर्षाकाठी सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या पदरात टाकते आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला रोखीवाल्यांकडून सरासरी १,१३३ डॉलर मिळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. उत्पन्नाच्या क्रमाने पाहिले तर वर्षाला २० हजार डॉलर वा त्याहून कमी मिळवणारे कुटुंब २१ डॉलर गमावते, तर दीड लाख वा अधिक मिळवणारे ७५० डॉलर कमावते. दुसरा भाडेकरू म्हणजे थकबाकीदार. अमेरिकेतील कार्डांवरचा सरासरी व्याजदर २०२३ मध्ये २० टक्क्यांच्या वर गेला. पगार पुरत नाही म्हणून बिल अर्धे भरणारा मनुष्य दुसऱ्या कोणाच्या तरी समुद्रकाठच्या खोलीचे भाडे भरीत असतो.

या योजनांचे चाहते म्हणतात की नियम बँकांनीच केले, ते वाचून जो लाभ घेतो त्याला दोष का? व्यक्तीपुरते हे खरे आहे, आणि त्यातल्या काहींची बुद्धी थक्क करणारी असते. अमेरिकेच्या टांकसाळीने २००८ मध्ये एक डॉलरची नाणी लोकांच्या वापरात रुळावीत म्हणून ती दर्शनी किमतीला, टपालखर्चाशिवाय, घरपोच देण्याची सोय केली. चतुर कार्डधारकांनी हजारो डॉलरची नाणी कार्डावर मागवली, आलेली खोकी तशीच बँकेत नेऊन भरली, त्याच पैशांतून कार्डाचे बिल चुकते केले, आणि पॉइंट खिशात घातले. जुलै २०११ मध्ये टांकसाळीने कार्डावर नाणी देणे बंद केले. कायद्याचा भंग कोणी केला नव्हता. पण एका वस्तूचीही निर्मिती न होता, एकाही गरजवंताच्या हाती नाणे न जाता, केवळ खोकी इकडून तिकडे हलवून मुक्काम आणि प्रवास मिळावा आणि त्याची वाहतूक सरकारी खर्चाने व्हावी, याला काटकसर म्हणणे कठीण आहे. तेवढी अक्कल आणि तेवढा वेळ मुळात ज्याच्यापाशी असतो, तो बहुधा त्या ७५० डॉलरवाल्यांपैकीच असतो.

आणि हे चतुर लोकही सरतेशेवटी ज्या नाण्यावर विसंबतात ते खोटे नसले तरी परस्वाधीन आहे. पॉइंट हे एक चलन आहे, परंतु त्याची टांकसाळ, त्याचे दुकान आणि त्याचा भावफलक तिन्ही एकाच मालकाचे. पूर्वी कोणत्या हॉटेलात किती पॉइंटांना रात्र मिळते याची कोष्टके छापील स्वरूपात असत. हिल्टनने २०१७ मध्ये ती काढून टाकली, मॅरियटने मार्च २०२२ मध्ये. आता दर रात्रीचा भाव मागणीप्रमाणे हलतो. कालपर्यंत जमवलेल्या पॉइंटांत उद्या किती रात्री मिळतील, हे जमवणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. २०२४ च्या अखेरीस मॅरियटच्या योजनेचे सभासद २० कोटींहून अधिक होते. एखाद्या देशाच्या लोकसंख्येएवढ्या या समूहाच्या चलनाची किंमत कंपनीच्या एका निर्णयाने उतरू शकते, आणि दाद मागण्यास विधिमंडळ नाही की मध्यवर्ती बँक नाही.

यावर इलाज नाही असे नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये कार्डांवरील या कपातीला आवर घातला आणि कार्डाचा खर्च वेगळा दाखवून घेण्याची मुभा दुकानदारांना दिली. युरोपीय संघाने २०१५ मध्ये बँकांच्या वाट्याला जाणारी कपात क्रेडिट कार्डांसाठी ०.३ टक्क्यावर आणून ठेवली. त्यानंतर तिकडच्या कार्डांवरची बक्षिसे रोडावली, हा योगायोग नव्हे. भारतात परिस्थिती निराळी आणि काही अंशी बरी आहे. बँक खात्यातून यूपीआयने केलेल्या व्यवहारावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला आकारणी नाही, त्यामुळे भाजीवाली आणि किराणा दुकानदार अमेरिकेतल्या मोलकरणीइतके भरडले जात नाहीत. एखादा सराफ किंवा विजेच्या उपकरणांचा दुकानदार ‘कार्डावर दोन टक्के जादा पडतील’ असे तोंडावर सांगतो. कार्ड कंपन्यांच्या नियमांत ते बसत नाही आणि गिऱ्हाइकाला राग येतो. पण या साखळीत खरी किंमत बोलून दाखवणारा तोच काय तो एकटा मनुष्य आहे.

रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून डेबिट कार्डांवरील आकारणीला कमाल मर्यादा घातली: लहान दुकानदाराला ०.४० टक्के, इतरांना ०.९० टक्के. क्रेडिट कार्डांना तशी मर्यादा नाही. जे एका कार्डाला जमले ते दुसऱ्याला का नाही, याचे उत्तर अद्याप मिळावयाचे आहे. तसेच, कार्डाच्या शुल्कात बदल करावयाचा तर बँकेने निदान एक महिना आधी ग्राहकाला कळवावे, असे रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश सांगतात. पॉइंटांचा भाव उतरवणारी हॉटेल कंपनी मात्र बँक नसल्यामुळे या बंधनाच्या बाहेर राहते. पण कार्डावर नाव दोघांचे असते आणि वार्षिक शुल्क बँक घेते. तेव्हा भागीदाराने भाव बदलला तर त्याची महिनाभर आधी सूचना देण्याची आणि तो बदल न रुचल्यास उरलेल्या मुदतीचे शुल्क परत करण्याची जबाबदारी त्या बँकेवरच टाकावयास हवी.