होमोसिस्टीनचा आकडा आणि कमरेची टेप

गेल्या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातून एका आपांचे पत्र आले. सोबत रिपोर्टांच्या झेरॉक्स होत्या. त्यांचे पती ५२ वर्षांचे. छातीत दुखू लागले म्हणून चार दिवस रुग्णालयात होते. झटका नाही असे निदान झाले आणि सुट्टी मिळाली. पण फाईलमध्ये एका आकड्याखाली लाल रेघ ओढलेली होती : होमोसिस्टीन ३१. प्रमाण १५ पर्यंत.

आपा लिहितात, "मुलांच्या अब्बांना जो तो सांगतो की रक्तात विष झाले आहे. माझ्या भाईजानने मुंबईहून महागड्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या पाठवल्या आहेत. त्या घेतल्या की धोका टळला असे समजायचे का?"

आम्ही आधी उत्तर देतो, मग कारण सांगतो. नाही, तसे समजू नये. गोळ्यांनी आकडा बहुधा खाली येईल. पण हृदयाचा खरा धोका त्याच फाईलच्या दुसऱ्या पानांवर लिहिलेला आहे आणि तिथे कोणी रेघ ओढलेली नाही.

होमोसिस्टीन हे बाहेरून आलेले विष नव्हे. मांस, मासे, अंडी, डाळी, दूध यांतल्या प्रथिनांत मेथिओनीन नावाचा घटक असतो. शरीर तो वापरते तेव्हा मधल्या टप्प्यावर होमोसिस्टीन तयार होते. ते तसेच साचू नये म्हणून शरीर त्याचे पुन्हा मेथिओनीन करते किंवा दुसऱ्या पदार्थात रूपांतर करते. पहिल्या कामाला बी-१२ आणि फोलेट लागते, दुसऱ्याला बी-६. यांपैकी काही कमी पडले की होमोसिस्टीन रक्तात साचू लागते. मूत्रपिंडाचे काम मंदावले, थायरॉईड कमी असले, तंबाखू-सिगारेट चालू असली तरीही आकडा चढतो. आणखी एक गोष्ट : रक्त काढल्यावर नळी थंड न ठेवता तासन्‌तास तशीच राहिली तर रक्तातल्या तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा खोटाच वाढतो. नमुना लांबच्या प्रयोगशाळेत गेला असेल तर हे विचारून घ्यावे.

या आकड्याची भीती कुठून आली? १९६९ साली अमेरिकेतील डॉ. किल्मर मॅककली यांनी जन्मजात विकार असलेल्या मुलांच्या रक्तवाहिन्या तपासल्या. या मुलांच्या शरीरात होमोसिस्टीन फार साचलेले होते आणि कोवळ्या वयात त्यांच्या धमन्या म्हाताऱ्या माणसासारख्या खराब झाल्या होत्या. पुढे मोठ्या माणसांतही दिसले की ज्यांचे होमोसिस्टीन जास्त, त्यांना हृदयविकार जास्त. मग साहजिकच वाटले की जीवनसत्त्वे देऊन आकडा खाली आणला की झटके कमी होतील.

तसे करून पाहिले गेले. २००६ साली दोन मोठ्या अभ्यासांचे निकाल आले. एक नॉर्वेतला, झटका येऊन गेलेल्या सुमारे ३,७०० रुग्णांवर. दुसरा कॅनडातून चालवलेला, साडेपाच हजार रुग्णांवर, पाच वर्षे. फोलिक अ‍ॅसिड, बी-६, बी-१२ दिल्याने होमोसिस्टीन उतरले, पण हृदयाचे झटके कमी झाले नाहीत. दुसऱ्या अभ्यासात पक्षाघात थोडे कमी दिसले, एवढेच. म्हणजे धूर हाकलला, आग राहिली.

आता फाईलमधली बाकीची पाने. कमर १०२ सेंटीमीटर. रक्तदाब १४२/९०. उपाशीपोटी साखर ११८. ट्रायग्लिसराइड २३६. एचडीएल, ज्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात, ३४.

आपल्या लोकांसाठीच्या मर्यादा अशा आहेत : कमर पुरुषांची ९० सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, स्त्रियांची ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. रक्तदाब १३०/८५. उपाशी साखर १००. ट्रायग्लिसराइड १५०. एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी नसावे. या पाचांपैकी कोणत्याही तीन गोष्टी बिघडल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. मुलांच्या अब्बांच्या पाचही बिघडलेल्या आहेत. साखर अजून मधुमेहाच्या हद्दीत गेलेली नाही, म्हणून कोणी बोलले नाही. रक्तदाब "दवाखान्यात आल्यामुळे वाढला" असे सांगून सोडून दिला.

हे पाच बिघाड एकत्र का येतात? पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साचलेल्या चरबीमुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. अमेरिकेतील डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली हा धागा स्पष्टपणे मांडला. आपल्याकडची माणसे दिसायला सडपातळ असली तरी पोट सुटलेले असते. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेची टेप जास्त खरे बोलते.

मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या रुग्णांत होमोसिस्टीनही जास्त असते का, याच्या पाहण्या अनेक रुग्णालयांत झाल्या. काहींत सरासरी जास्त आढळली, काहींत फरक दिसला नाही. दोन्ही एकत्र दिसली तरी एकामुळे दुसरे झाले असे त्यातून ठरत नाही. एकाच माणसाचे पोट सुटलेले असू शकते आणि त्याच्या रक्तात बी-१२ ही कमी असू शकते. दोन्हींचा इलाज वेगळा. बी-१२ कमी असेल तर ते जरूर भरून काढावे. पण गोळी घेतली म्हणून चालणे, मीठ कमी करणे, रक्तदाबाचे औषध आणि तंबाखू सोडणे यांतले काही सुटत नाही.

खरे तर आमचे लक्ष पत्राच्या शेवटच्या चार ओळींनी वेधले. आपांनी जाता जाता लिहिले होते, "मला स्वतःला आठ वर्षांपासून साखर आहे. मेटफॉर्मिन चालू आहे, अ‍ॅसिडिटीची गोळीही रोज लागते. हल्ली पायांना मुंग्या येतात आणि जिना चढताना थकते. वय झाले, आता ४८ पूर्ण होतील. माझे काही विशेष नाही."

विशेष आहे. अन्नातले बी-१२ प्रथिनाला चिकटलेले असते. ते सुटायला जठरातले आम्ल लागते. अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे घेतली की तेच आम्ल कमी होते. पुढे लहान आतड्याच्या टोकाला ते शोषले जाते. दीर्घकाळ घेतलेले मेटफॉर्मिन तिथे अडथळा आणते. दोन्ही औषधे एकत्र चालू असतील तर बी-१२ तपासायलाच हवे. पायाच्या मुंग्या साखरेने येतात तशा बी-१२ च्या कमतरतेनेही येतात. लवकर ओळखले तर नसा सुधारतात, फार उशीर झाला तर इजा कायमची राहते.

"आम्ही तर गोश्त-मच्छी खाणारे," असे अनेक घरांतून म्हटले जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुण्यातील बहुतेक लोकांचे होमोसिस्टीन जास्त निघाले आणि त्यामागे मुख्यतः बी-१२ ची कमतरता होती. शाकाहारी लोकांत प्रमाण जास्त होते, पण मांसाहारीही सुटले नव्हते. आपल्या घरांतही जुम्म्याला मटण असते, बाकी दिवस डाळ-भात. आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर आपांच्या ताटात किती बोट्या उरतात, हे प्रत्येक घराने स्वतःशी विचारावे.

आम्ही त्यांना लिहिले : अब्बांच्या फाईलसोबत स्वतःची बी-१२ ची तपासणी करून घ्या. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. नुसते फोलिक अ‍ॅसिडही घेऊ नका, कारण त्याने रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि नसांची इजा मात्र चालू राहते. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आले. त्यांचे बी-१२ ११० निघाले. २०० च्या खाली आले की कमतरता धरतात. डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली आहेत. अब्बांना रक्तदाबाचे औषध लागले आहे आणि दोघे फज्रनंतर बंदरापर्यंत चालत जातात.

या महिन्यात प्रत्येक घराने एवढे करावे. शिवणाची टेप घ्या. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, टेप न आवळता माप घ्या. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे माप वहीत लिहा, बायकांचेही. माप मर्यादेवर असेल तर रक्तदाब, उपाशी साखर आणि चरबीची तपासणी करा. चहातली साखर, बेकरीची खारी, रोजचे तळण यांपासून सुरुवात करा; दावतीतली बिर्याणी महिन्यातून एकदा येते, खारी रोज येते. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्या साखरेच्या रुग्णांनी औषधांच्या वेळा आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

आणि पुढच्या वेळी कोणाची फाईल घेऊन दवाखान्यात गेलात, तर सोबत बसलेल्या बाईलाही विचारा की तिची स्वतःची तपासणी शेवटची कधी झाली. अल्लाह सर्वांना तंदुरुस्ती देवो.