रंग ‘नैसर्गिक’, पण कसोटी कोणाची?

कढईत साखर घालून मंद आचेवर ठेवली, की ती प्रथम वितळते, मग सोनेरी होते आणि १६०-१७० अंशांच्या पुढे गेल्यावर तांबूस-तपकिरी रंग धारण करते. त्यात दुसरे काही मिसळावे लागत नाही. आपल्या गृहिणींना ठाऊक असलेले कॅरमेल ते हे. परंतु शीतपेयाच्या बाटलीत, सॉसमध्ये किंवा तपकिरी दिसणाऱ्या पावात जे कॅरमेल असते, ते याच नावाचे असले तरी याच कुळीचे असते असे नाही.

रंगासाठी वापरल्या जाणाऱ्या कॅरमेलचे चार प्रकार आहेत. पहिला साधा, अमोनिया व सल्फाइट न वापरता केलेला. दुसऱ्यात सल्फाइट, तिसऱ्यात अमोनिया आणि चौथ्यात ही दोन्ही रसायने वापरली जातात. कोलापेयांत हा चौथा प्रकार असतो, कारण आम्लयुक्त पेयात तो न फुटता टिकून राहतो. वेष्टनावर त्याची खूण ‘१५० डी’ अशी असते. वास्तविक साखरेवर अमोनिया व सल्फाइटची प्रक्रिया करून मिळविलेल्या पदार्थाला कोणीही सहजी नैसर्गिक म्हणणार नाही. तरीही १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत कॅरमेलची गणना नैसर्गिक रंगद्रव्यांत झाली आणि २०११ च्या नव्या नियमावलीतही ती तशीच उतरली. हळद, केशर आणि कोलाचा रंग एकाच पंक्तीत जेवावयास बसले!

प्रश्न केवळ शब्दाचा असता तर लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. तिसऱ्या व चौथ्या प्रकारात अमोनियामुळे ‘४-मिथाइल इमिडॅझोल’ नावाचे संयुग तयार होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या संयुगामुळे उंदरांना फुप्फुसाच्या गाठी झाल्याचे आढळले. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘मानवास संभाव्य कर्ककारक’ या वर्गात घातले. कॅलिफोर्निया राज्याने दिवसाला २९ मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरविली व त्यापुढे ग्राहकाला इशारा देणे बंधनकारक केले.

त्यानंतर जे घडले ते बोलके आहे. २०१२ साली वॉशिंग्टनमधील एका ग्राहकहितवादी संस्थेने निरनिराळ्या देशांतील कोका-कोला प्रयोगशाळेत तपासून घेतला. ३५५ मिलिलिटरमागे कॅलिफोर्नियात ४ मायक्रोग्रॅम, खुद्द वॉशिंग्टनमध्ये १४४, तर ब्राझीलमध्ये २६७ मायक्रोग्रॅम संयुग आढळले. नाव तेच, चव तीच; परंतु जेथे कायद्याने डोळे वटारले तेथे रंग सुधारला आणि जेथे कोणी विचारले नाही तेथे जुनाच माल खपत राहिला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने व अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रमाणांमुळे तातडीचा धोका असल्याचे मानलेले नाही. उंदरांना दिलेली मात्रा माणसाच्या नित्य सेवनाच्या अनेक पटींनी अधिक होती. म्हणून ‘एक घोट म्हणजे कर्करोग’ असा प्रचार करणे आपल्याला शोभणारे नाही. अतिरंजित विधानाने विदेशी कंपनीचे काही बिघडत नाही; बिघडते ती स्वदेशीची विश्वासार्हता. आपला आक्षेप आहे तो एकाच मालासाठी लावल्या जाणाऱ्या दोन मापांवर. आणि हा आक्षेप सिद्ध करण्याचे साधन घोषणा नव्हे, प्रयोगशाळा हे आहे.

ही तपासणी म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. रंगाची तीव्रता ६१० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजली जाते. शिसे व आर्सेनिक, सल्फर डायऑक्साइड, अमोनियाचा नायट्रोजन यांची परीक्षा होते. ४-मिथाइल इमिडॅझोलसाठी मात्र द्रव क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमीटर यांची जोड असलेले महागडे यंत्र आणि ते चालविणारा जाणता रसायनशास्त्रज्ञ लागतो. आंतरराष्ट्रीय मानकाने चौथ्या प्रकारच्या कॅरमेलमध्ये रंगतीव्रतेच्या हिशेबाने किलोमागे २५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. पण ही मर्यादा रंगद्रव्याला आहे, बाटलीतील पेयाला नाही; आणि आपली मुले पितात ते पेय.

२००३ साली दिल्लीच्या एका संस्थेने शीतपेयांतील कीटकनाशकांचे अंश उघड केले, तेव्हा प्रथम त्या प्रयोगशाळेवरच शंका घेतली गेली. संयुक्त संसदीय समितीने २००४ मध्ये ते निष्कर्ष ग्राह्य धरले. धडा स्पष्ट आहे : ज्या राष्ट्रापाशी स्वतःची विश्वसनीय तपासणी नाही, त्याला दुसऱ्याच्या प्रमाणपत्रावर विसंबावे लागते. अन्नाच्या बाबतीत हे परावलंबन सीमेवरील परावलंबनाइतकेच घातक होय.

आरसा आपल्याकडेही वळविला पाहिजे. मैद्याच्या पावाला कॅरमेलने तपकिरी करून तो गव्हाच्या पिठाचा भासविणारा उत्पादक स्वदेशी असला म्हणून क्षम्य ठरत नाही. धान्य, तेल, मीठ, औषधी यांत रंगाने सारखे दिसणारे द्रव्य मिसळणाऱ्यास कौटिल्याने बारा पणांचा दंड सांगितला आहे. त्यात व्यापारी आपला की परका, असा भेद त्याने केलेला नाही.

म्हणून मागण्या तीनच असाव्यात. रसायनांनी सिद्ध केलेल्या कॅरमेलला ‘नैसर्गिक’ या यादीतून वगळावे. बाजारातील तयार पेयांचे नमुने नियमित तपासून आकडे जनतेपुढे ठेवावेत. आणि जगात कोठेही एखादी कंपनी जो सर्वांत शुद्ध माल विकते, तोच तिने भारतातही विकावा. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, ती जागृत ग्राहक हाच अर्थव्यवस्थेचा राजा मानून. त्या राजाचे पहिले कर्तव्य अगदी साधे आहे. आज घरात आलेल्या पावाचे व बाटलीचे वेष्टन उलटून पाहावे, ‘१५०’ हा आकडा शोधावा आणि मुलांनाही तो वाचावयास शिकवावे.